पुलापलीकडचं बाळ

आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला दोन सरकारांनी फसवलं. एकाने निघायला वेळ दिला नाही, दुसऱ्याने पोचल्यावर दार उघडलं नाही.

घाटकोपरला जुन्या फर्निचरचा धंदा मी शून्यातून उभा केलाय. घासाघीशीत मला कोणी हरवत नाही, म्हणून लॉकडाऊनमध्ये तो माझ्याकडेच आला. माणूस नेपाळचा, तिकडे गावी बायकोचे दिवस भरत आलेले, आणि आपल्याकडे रात्रीतून सगळं बंद. "दीदी, डिलिव्हरी से पहले घर पहुँचा दो." एका ट्रकवाल्याशी भांडभांड भांडून मी त्याला केबिनमध्ये जागा मिळवून दिली. वाटलं, जिंकले.

तो सीमेपर्यंत पोचला. मध्ये महाकाली नदी, तिच्यावर झुलता पूल, पलीकडे त्याचं गाव. पण नेपाळने पूल बंद केलेला, स्वतःच्याच माणसांना. आपल्या बाजूच्या पोलिसांनी त्याला एका शाळेत क्वारंटाइनमध्ये ठेवलं. त्याने फोन केला तेव्हा मी म्हटलं, "दे पोलिसाला."

"साहेब, कोंडायचं तर कोंडा त्याला, पण त्याच्या गावात कोंडा ना!"

"मॅडम, गेट उनका है. उनका ऑर्डर नहीं."

"मग ऑर्डर देणाऱ्याचा नंबर द्या."

"होता तो पहले मैं लगाता."

भाव करायला समोर माणूस तरी लागतो. इथे समोर कोणीच नव्हतं.

बाळ झालं, मुलगी. काही दिवसांनी बायको त्याला घेऊन पलीकडच्या काठावर आली आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. त्याने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर मीही पाहत होते. हा अलीकडून ओरडत होता, तोंड इकडे कर, तोंड इकडे कर. नदीच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? त्याला नुसतं दुपटं दिसलं.

परवा पुन्हा तो विषय निघाला तेव्हा आमचे चेअरमन गेटवर म्हणाले, "नेपाळने आपलीच माणसं घेतली नाहीत. त्या मानाने आपलं बरं होतं."

"काय बरं होतं, काका? आधी सांगून बंद केलं असतं तर तो वेळेत घरी असता. भूतानने परत आलेल्यांना सरकारी खर्चाने हॉटेलात ठेवलं, मग घरी सोडलं. तुलना करायची तर त्यांच्याशी करा!"

"चिडतेस फार तू."

चिडणारच. ती मुलगी आता शाळेत जाते. दिल्लीतून या नाहीतर काठमांडूहून या, पण कोणीतरी तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा, तुझा बाप अलीकडच्या काठावर का उभा होता?