कोपऱ्यातली गाठ
बाळांनो, तुम्ही तिकडे कयाकला शीड लावणार असं कळलं, म्हणून हे आजच लिहायला बसले. तुमच्या बाबाने कळव्याच्या खाडीत कयाक उतरवायची ठरवली, तेव्हा त्याला नायलॉनचं नवं शीड पसंत पडेना. मग खाडीकाठच्या कोळीणमावशींनी आपल्या होडीचं जुनं शीड दिलं. ती होडी एकदा परत आली होती, पण त्यांचा नवरा आला नव्हता. "कोपऱ्यातली गाठ सोरू नको गो, माझ्या दादल्याच्या हातची हाय," त्या मला म्हणाल्या. मी शीड बेतून शिवलं, पण गाठीमुळे कड वाकडी दिसत होती. मला वाकडं खपत नाही, म्हणून मी ती सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिवरांचं पानही हलत नव्हतं. तरी शीड फुगलं आणि कयाक भरतीच्या उलट, समुद्राच्या दिशेने निघाली. "आई, वारा कुठे आहे? हे ओढतंय कोण?" बाबा ओरडला. "शीड उतरव रे आधी!" मावशी किंचाळल्या. त्याने ते खाली खेचलं तेव्हाच कयाक थांबली. घरी येताच मी गाठ पुन्हा मारली. त्याला आता बरीच वर्षं झाली. शीड माझ्या कपाटात आहे, कापड कोरडं आहे, गाठ अजून ओली आहे.