लढ्यातलं तिकीट

वणीत आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. कोळसा खाणीत ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी करून ते निवृत्त झाले. आता स्वातंत्र्यलढ्यावरची टपाल तिकिटं जमवतात. सगळी स्वातंत्र्यानंतर छापलेली, कोरी करकरीत. पोस्टाचा शिक्का बसलेलं त्यांना चालत नाही. अल्बम उघडण्याआधी स्वतः दोनदा हात धुतात, पाहुण्यालाही धुवायला लावतात, आणि तरीही हात लावू देत नाहीत.

"चिमट्यानं धरा लागते, भाऊ. हे आपले लोक हायेत."

परवा मी आजोबांचं पत्र घेऊन गेलो. चळवळीत पकडल्यावर त्यांनी ते जेलमधून आजीला लिहिलं होतं. मला वाटलं, हे खूश होतील. त्यांनी चिमट्यानं पाकीट वळवलं. तिकिटावर इंग्रजांचा राजा दिसला, तसा चिमटा खाली ठेवला.

"याले कायले आणलं? आपल्या अल्बमात राजाले जागा नाही."

आतलं पत्र त्यांनी उघडलंही नाही. पाकीट एका बोटानं माझ्याकडे सरकवलं, उठून पुन्हा हात धुतले आणि मायेनं म्हणाले, "घरात नीट पाहजा. एखांदं लढ्यातलं सापडलं तं आणजा."