गालापासून सुटलेला हात

फोटो दुरुस्त करणाऱ्या काकूंचा एक हट्ट गल्लीभर ठाऊक होता: चित्रात जे आहे तेच वर काढायचे, पदरचे काही घालायचे नाही. पूर्वी हातात बारीक कुंचला असे, आता संगणक आला. हट्ट मात्र तोच राहिला. दुकान सांभाळणारे काका म्हणत, "हिच्याकडे दिलेला फोटो आणि विहिरीत पडलेली बादली, दोन्ही सावकाशच वर यायचे."

एका दुपारी समोरची शिंपीण आली. बोटांवर खडूची भुकटी तशीच होती. नुकत्याच वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो तिने पुढे केला. खिडकीपाशी बसलेली बाई, चेहरा अस्पष्ट, आणि हाताच्या जागी नुसता पांढुरका फराटा.

"काकू, हा स्पष्ट होईल?"

"न व्हायला काय झालं? यंत्राला हल्ली सगळं येतं," म्हणत काकांनीच बटण दाबले. क्षणात चेहरा लखलखीत झाला, फराट्याला पाच रेखीव बोटे फुटली.

शिंपीण पाहत राहिली. "हा आईचा हात नाही. आणि ती हे म्हणतही नाहीये."

"म्हणत नाहीये म्हणजे?" काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"तिला ऐकू यायचं नाही, बोलता यायचं नाही. हातांनी बोलायची. यात मला हाक मारतेय." तिने दोन बोटे गालाला टेकवून हात बाहेर उडवला. "खळी पडते ना, म्हणून हे माझं नाव. तिनेच ठेवलेलं. आता या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही."

काकूंनी यंत्राचे सारे काम पुसून टाकले.

"हे बघ, खिडकीची चौकटही चेहऱ्याइतकीच सरकली आहे. म्हणजे कॅमेरा हलला. चेहरा बऱ्यापैकी निघेल. हात मात्र स्वतःच हललाय, त्याची बोटं मोजून देता येणार नाहीत. पण तुझं नाव मी सोडणार नाही. पुन्हा करून दाखव. सावकाश नको, आई करायची तसं."

शिंपीण करत राहिली, काकू पाहत राहिल्या. हात गालापाशी क्षणभर थांबे, शेवटी पुन्हा थांबे. फोटोतला फराटाही नेमका त्या दोन ठिकाणी दाट होता. पुढचे कित्येक दिवस काकू तेवढाच दाटपणा केसाकेसाने उजळत बसल्या.

"रेखाटून टाक की चार बोटं! कोण मोजायला बसलंय?" काका म्हणाले.

"जिचं नाव आहे, ती," काकू मान वर न करता म्हणाल्या.

शिंपीण आली ती गळ्यातली टेप न काढताच. काकूंनी तिला खुर्चीत बसवून संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. डोळे, ओठ ओळखीचे झाले होते. हात अजून फराटाच होता. पण गालाशी दोन बोटांचा भास होता, आणि तिथून तो सुटलेला दिसत होता.

ती पाहता पाहता उठून उभी राहिली.

"अहो, बसा की. घाई काय आहे?" काका म्हणाले.

"हाक मारली ना तिने," ती म्हणाली.