पडवीतली चाकं

नव्या रबराचा वास आला की मला आमच्या अंगणातली पिकअप आठवते. धाकट्या भावाने हौसेने तिला मोठाली चाकं बसवली होती आणि जुनी पडवीत रचली होती. त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला निघालो, तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा दिवा पेटला. भावाने चारी चाकांना लाथा मारून पाहिल्या. "हवा तर बरोबर हाय, दादा," तो म्हणाला, पण आईला घेऊन घाट चढायचं धाडस त्याला होईना. घरी परतलो, तर अंगणात दिवा आपोआप विझला. पुन्हा निघालो, पुन्हा पेटला. भावाने चाकांखाली लिंबं चिरडली, तरी तेच. "गाडीला घर सोडवत नाय रे," आई म्हणाली आणि उतरून भात टाकायला गेली. ऑपरेशन त्या दिवशी राहिलंच. पुढे पोलादपूरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, हवा मोजणारे सेन्सर जुन्या चाकांतच राहिलेत. गाडी घराजवळ असली की पडवीतल्या चाकांची हवा बघते आणि सगळं ठीक दाखवते. आता मुंबईहून गावी आलो की मलाही सगळं ठीक वाटतं. ते कुठली चाकं बघून, हे अजून कळलेलं नाही.