भांड्यांच्या साबणानं देवपूजा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठातल्या फिल्मच्या क्लासमध्ये मी सेमिस्टरभर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी एक जुना डॅनिश सिनेमा दाखवला. श्रद्धेवरून भांडणारं एक शेतकरी घर. शेवटी मेलेली सून शवपेटीत उठून बसते आणि देव न मानणारा तिचा नवरा बदलतो. काहीजण हसले. "असं कोणी बदलतं का?"

मी हात वर केला. म्हटलं, माझे बाबा देव मानत नाहीत, अजूनही नाहीत. पण आई हॉस्पिटलमध्ये असताना तिची रोजची पूजा त्यांनी एकदाही चुकवली नाही. पितळेचे देव चिंचेनं घासतात हे माहीत नसल्यामुळे ते भांड्यांच्या साबणानं घासायचे. पूजा का करता, विचारलं तर म्हणाले, "घरी आली की ती आधी देवघर बघेल."

आता कोणी हसलं नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला.

"साबणाचंही सांगितलंस?"

"हो."

"अगं, निदान ते तरी गाळायचंस!"

मागून आई म्हणाली, "सांगू दे हो. देव इतके कधी चमकले नव्हते."

मला बाबांचा किती अभिमान वाटतो, हे फोनवर बोलता आलं नाही. पण वर्गभर परक्या माणसांना ते आता माहीत आहे.