एक थेंब कमी

आमची आत्या घड्याळं दुरुस्त करते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा आणि उजव्या डोळ्याला लावायचं भिंग. मी तिची भाची, तिच्याच घरात वाढले. चाळीस वर्षं त्या एका डोळ्यावर तिने घर चालवलं आणि नेमका तोच दगाबाज निघाला. वर्षातून दोनदा आतून सुजायचा, लालबुंद व्हायचा, ठणकायचा; डावाही सुजायचा, पण क्वचित. त्यात मोतीबिंदू झाला. तीन महिने सूज अजिबात आली नाही, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला हात घातला.

ऑपरेशन झकास झालं! पाचव्या दिवशी आत्या भिंतीवरचा सेकंदकाटा पलंगावरून मोजत होती. "तुमच्या डोळ्याला सुजायची खोड आहे. थेंब दोन महिने घालायचे, कमी मी करीन," असं डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं. आत्याने मान डोलावली आणि तिसऱ्या आठवड्यात थेंब बंद करून टाकले. का, तर घड्याळाला तेल जेवढं कमी तेवढं चांगलं! जास्त झालं की धूळ धरतं, चाकं चिकटतात. नीट चालणाऱ्या घड्याळात कुणी तेल ओततं का, असा तिचा सवाल. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, डोळा आहे तो, गजराचं घड्याळ नाही!"

"तू मला शिकवू नकोस," ती म्हणाली.

दहा दिवसांत सूज परत आली, ती थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत. आकडा मधोमध पुसलेला दिसायचा, सरळ काटा वाकडा. मग डोळ्याजवळ इंजेक्शन आणि पुन्हा थेंब, सुरुवातीला दर दोन तासांनी. चार महिने तिने एकही चुकवला नाही. भिंग मात्र पेटीत पडून होतं आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज गेली. पण बारीक कामापुरती नजर आता या डोळ्याला यायची नाही."

मला रडूच फुटलं. आत्याने खुर्ची पुढे ओढून विचारलं, "डाव्यातही मोतीबिंदू धरलाय ना? त्याचं ऑपरेशन कधी करता?"

"आत्या, पुरे झालं गं! त्याचंही असंच झालं तर?"

"होऊ शकतं," डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "तोही सुजणाराच आहे."

"चूक माझी होती," आत्या म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. "या खेपेला किती थेंब ते तुम्ही ठरवा, मी घालते. मला डाव्या डोळ्याने भिंग धरायला शिकायचंय आणि मी बासष्टची आहे. तारीख सांगा."