माळढोकाचं कुंपण आणि कँटीनची मांजरी

मांजरी कुंपणाच्या आत बसून तळलेला बांगडा खात होती. बाहेर आम्ही तिघं: मी, आमचे बॉस राव सर आणि हे कुंपण पास करायला थेट राजस्थानहून आलेल्या पक्षितज्ज्ञ राठोड मॅडम.

"जोशी मॅडम," राव सर हळूच म्हणाले, "आजच आत जायचं होतं हिला?"

ड्रॉइंग माझं होतं.

इलेक्ट्रॉनिक सिटीतली आमची कंपनी कुंपणं बनवते. हे होतं माळढोकासाठी. वाळवंटातला हा भलामोठा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. कुत्रा, कोल्हा, रानमांजर, कोणीही यावं आणि नाश्ता करून जावं. म्हणून हे प्रेडेटर-प्रूफ कुंपण. खाली जाळीचा पदर जमिनीत आडवा पुरलेला. त्याला आम्ही स्कर्ट म्हणतो. उकरणारा तिथे अडतो. वर बाहेरच्या बाजूला लवचीक जाळी झुकलेली. चढणारा तिला लोंबकळला की ती वाकते आणि तो धप्पकन खाली.

नमुना ऑफिसच्या मागे उभा केला होता आणि टेस्टिंगला कँटीनची मांजरी. आठवडाभर बिचारी पडत होती आणि मी टाळ्या पिटत होते. नवरा म्हणाला, "मांजरीला हरवून एवढी फुशारलेली इंजिनीअर मी पहिल्यांदाच बघतोय."

आज मॅडमनी पास केलं असतं, तर माल निघाला असता आणि उन्हाळ्यात माळढोक अंड्यावर बसायच्या आत कुंपण उभं राहिलं असतं. नापास म्हणजे पक्ष्यांचा अख्खा हंगाम कुत्र्या-कोल्ह्यांच्या हवाली.

"पुन्हा करून दाखवा," मॅडम हिंदीत म्हणाल्या.

मी मांजरीला हाकललं, आत नवा बांगडा ठेवला. ती आळस देत निघाली ती थेट कोपऱ्यातल्या केळीच्या खांबाकडे.

अरे देवा! दसऱ्याच्या सुट्टीआधी ऑफिसात आयुधपूजा झाली होती. इथे दक्षिणेत त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागतं, कोहळा फुटतो, दारांना केळीचे खांब बांधतात. आपलं कुंपण तरी का मागे राहावं, म्हणून मी स्वतः, नायलॉनच्या दोरीने घट्ट, खांब बांधले होते. मांजरी त्यावर सरसर चढली, झुकलेल्या जाळीच्याही वर गेली आणि टुपकन आत!

"अय्यो! हे धरायचं नाही," राव सर म्हणाले. "केळी काढा, परत टेस्ट घ्या. सरी, ठीक आहे?"

मी दोरी सोडायला धावले. अर्धी गाठ सुटली आणि हात थांबला.

"मॅडम, तिकडे राजस्थानात कुंपणाला टेकून काय असतं?"

"काही नाही. उघडं माळरान आहे." मग त्यांची नजर केळीच्या खांबावर गेली. "वाळू! वादळानंतर आमच्या ऑफिसच्या भिंतीला छातीएवढी वाळू लागते!"

"म्हणजे कोल्ह्याला जिना!"

"तयार जिना!"

आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या ओरडत होतो. राव सर बिचारे कधी मांजरीकडे, कधी आमच्याकडे बघत होते. त्याच दुपारी वाळूची ट्रॉली मागवली. ढीग जाळीला लावला. मांजरीने तो चालत पार केला, धावलीसुद्धा नाही.

मॅडमनी त्या दिवशी नापासच केलं. मी नवं ड्रॉइंग काढलं: दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी आणि वाळू ठरावीक उंचीला आली की फोनवर अलार्म देणारा सेन्सर. या खेपेला ढीग पुरता वर यायच्या आतच अलार्म वाजला. पास! माल उशिरा गेला, पण उन्हाळ्याच्या आत पोचला.

हंगामात एका सकाळी मी बनशंकरीच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. रात्री वादळ झालं, अलार्म वाजला, लोकांनी उजाडायच्या आत वाळू उपसली. बाहेर कोल्ह्याचे ठसे कुंपणापर्यंत आलेले आणि तसेच परत गेलेले. मग कॅमेरा दूर आत वळला. गवतात माळढोकाची मादी, आणि तिच्या पायाशी लुटुलुटु चालणारं एक पिल्लू! मी एवढ्या मोठ्याने किंचाळले की भाजीवाल्या अक्काने तराजू खाली ठेवला.

आपण काढलेलं ड्रॉइंग आपणच तपासलं की ते हमखास पास होतं. तपासायला कोणीतरी भुकेलं लागतं.